दुखायचा थांबलेला हात

सोलापूर,
ता. ९ जुलै १९७४

ती. त्रिंबकदादा यांस,

कुंडलिकचा सविनय जयभीम. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. रेल्वेच्या संपानंतर तुम्हाला पुन्हा कामावर घेतलं हे वाचून जिवात जीव आला. वहिनींना आमचा जयभीम सांगावा. आमची विशाखा मॅट्रिक झाली हे तुम्हाला कळलंच असेल. पेढे पाठवायचे होते, पण टपालात त्यांचा भुगा झाला असता.

पत्र लिहायचं कारण जरा कामाचं आहे. एका नव्या साखर कारखान्याचं मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलंय. यंत्रघर, धुराडं, गोदामं, उसाच्या गाड्यांची रांग, भोवतीची शेतं, सगळं एका मोठ्या टेबलावर बसवायचं. गळिताच्या पहिल्या दिवशी मोठे पाहुणे येणार आहेत, तेव्हा ते दारात मांडायचंय. आजवर शाळांसाठी मी ज्वालामुखी आणि हृदय करत आलो. एवढं मोठं काम पहिल्यांदाच.

पत्रे, पुठ्ठा, लाकूड यांचं काम होतंय. अडलंय ते रंगाला. एवढ्याशा भिंतीवर कुंचल्याची एक रेघ उमटली तरी ती भिंत खोटी दिसते. आणि बारीक कुंचला मला आता धरवत नाही. उजव्या कोपरापासून करंगळीपर्यंत कोणीतरी तार ओढल्यासारखं दुखतं. कुंचला चिमटीत धरला की अंगठा थरथरतो. तोंडाने फुंकायची नळी वापरून पाहिली, तर रंगाचे थेंब पडले आणि गोदामाला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

इथल्या एका फोटो स्टुडिओत फोटो सुधारायला एअरब्रश वापरतात. मालकांनी एक दिवस हातात दिला. रंग धुरासारखा बसतो, फार छान. पण तो पेनासारखा बारीक आहे. वरचं बटण पहिल्या बोटाने दाबायचं आणि दाबूनच मागे ओढायचं. दाबलं की वारा, ओढलं की रंग. एक धुराडंही पुरं झालं नाही तोवर माझी चिमूट सुटली आणि तो खाली पडता पडता वाचला.

तुम्ही मुंबईत पेंटशॉपात आहात, तुमच्या ओळखी आहेत. फोर्टातल्या दुकानांत आणखी कुठल्या तऱ्हेचे मिळतात ते बघाल का? मला हलका नको, भारीही नको. धरायला जाड हवा, चिमटीऐवजी मुठीत बसणारा. वाऱ्याची सोय मी केली आहे. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरून ठेवतो, ती बराच वेळ पुरते.

मी सध्या अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गुरुबसप्पाच्या मागाच्या शेडमध्ये, मागच्या खोलीत काम करतो. टेबल घरात मावत नाही. मुक्कामही बहुतेक इथेच असतो. जाण्यायेण्यात वेळ मोडतो, दुसरं काही नाही. घरी मनकर्णा बरी आहे.

उत्तर लवकर पाठवा.

आपला,
कुंडलिक


सोलापूर,
ता. १८ ऑगस्ट १९७४

ती. त्रिंबकदादा यांस,

सविनय जयभीम. तुमचं पत्र आणि तुम्ही काढलेली दोन चित्रं मिळाली. चित्रं इतकी नीट काढलीत की दुकानात जाऊन आल्यासारखं वाटलं.

पहिला पेनाचाच प्रकार आहे, फक्त अंगाला जाड. त्याचं बटणही वरूनच दाबायचंय, म्हणून तो नको. दुसरा पिस्तुलासारखा आहे तो मला हवा. तो तळहातात बसतो, खालचा घोडा दोन बोटांनी ओढायचा, म्हणजे सगळा भार एका बोटावर येत नाही. तुम्ही लिहिलंत की मागे एक स्क्रू असतो आणि घोडा किती ओढला जाईल ते त्याने अडवता येतं. तो स्क्रू असलेलाच घ्या. नसेल तर घेऊ नका. रंगाची वाटी वर बसणारी असली तर बरं, बाजूला असली की हात एका अंगाला कलतो. रबरी नळी लवचीक बघा. कडक नळी मनगटाला पीळ देते.

डॉक्टरला दाखवलं का, असं तुम्ही विचारलंत. दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्यात. दुखणंही आता बरंच कमी झालंय. गेल्या आठवड्यापासून तर जवळजवळ नाहीच.

परवा एक गंमत झाली. सरसाचं भांडं शेगडीवर होतं. मी डावीकडे वळून खिडक्या कापत होतो आणि उजवा हात भांड्याला टेकला होता. मला वाटलं सरस करपला. तेवढ्यात रत्नम्मा दारात ओरडली, तेव्हा बघितलं तर करंगळीची कड भाजली होती. ही रत्नम्मा म्हणजे इथे शेडमध्ये मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई. नवरा मागेच वारला, दिराकडे राहते. दुपारी माझी भाकरी तीच करून आणते. मला अण्णा म्हणते. तिने तूप आणून लावलं.

विशाखेला कुर्डुवाडीचं स्थळ सांगून आलंय. मुलगा तिथल्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आहे. दिवाळीनंतर बघायला येतील. माणसं चांगली वाटतात. मुलीला पुढे शिकू देऊ असं आपणहून म्हणाली.

मनकर्णेने तुम्हाला कोणाकडून पत्र लिहवून घेतलं तर फार मनाला लावून घेऊ नका. मी घरी राहत नाही म्हणून ती रागावलीय. काम उरकलं की सगळं निवळेल.

आपला,
कुंडलिक


सोलापूर,
ता. २२ सप्टेंबर १९७४

ती. त्रिंबकदादा यांस,

सविनय जयभीम. तुमचं बंद पाकीट हातात पडलं तेव्हाच ओळखलं. तुम्ही नेहमी कार्ड लिहिता.

तुम्ही लिहिलंत ते सगळं वाचलं. लग्नाला आलेली मुलगी घरात असताना बाप बाई ठेवतो, आणि वर एअरब्रश मागतो. वडिलांच्या नावाला काळं लावलंस. तोंड दाखवू नकोस. मोठ्या भावाने लिहायला हवं तेच तुम्ही लिहिलंत. मला राग आला नाही. उलट वाचताना वाटलं, हे खरं असतं तर किती बरं झालं असतं.

बाई नाही, दादा.

हे कसं लिहू ते कळत नाही. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलोय. अक्षर वाकडं झालंय, समजून घ्या.

मागल्या थंडीत माझ्या उजव्या हातावर, कोपराखाली, एक फिकट डाग दिसला. रंगाचं काम करणाऱ्याच्या हातावर डाग असायचेच, म्हणून रॉकेलने घासला, तो गेला नाही. पुढे कोपर दुखायला लागलं. इथे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कोपराच्या हाडामागची नस चाचपली तेव्हा मी कळवळलो. मग ते म्हणाले, डोळे मिटा, मी कापसाने शिवतो, जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला तरी ते सुरू करेनात. शेवटी म्हणाले, "उघडा डोळे, झालं." मला वाटलं होतं अजून शिवलेच नाहीत.

महारोग आहे, दादा. एकदाच लिहितो. पुन्हा लिहायला लावू नका.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण रोग थांबेल. माझ्यापासून घरात कोणाला धोका नाही, घरीच राहा, सगळ्यांबरोबर जेवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आणखी एक सांगितलं होतं. हात दुखतोय तोवर नस जिवंत आहे. दुखायचं एकाएकी थांबलं तर लगेच या. ते थांबलं आणि मी गेलो नाही. तुम्हाला मात्र खुशालीसारखं लिहून कळवलं. करंगळी भाजली तेव्हा वास आला, पण भाजल्याचं कळलं नाही. ती गंमत नव्हती.

आता करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलंय. सरळ करायला डावा हात लागतो. घोडा मी किती ओढलाय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला समजत नाही. म्हणून त्या स्क्रूची एवढी ओढ लागली होती.

डॉक्टरांनी सांगूनही मी घरी का राहिलो नाही, ते तुम्हाला सांगायला नको. नागूबाईचा नवरा तुम्हीही पाहिलाय. गावाने आपली वस्ती बाहेर ठेवली होती, आणि आपल्या वस्तीने त्याला तिच्याही बाहेर ठेवलं. ओढ्यापलीकडच्या त्या खोपटात तो कधी मेला तेही आपल्याला कळलं नाही. नागूबाई दगडावर भाकरी ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. आपण तिच्या पोरांशी खेळायचो नाही. आईने बजावलं होतं. पुढे त्यांची लग्नंही झाली नाहीत. विशाखेकडे बघितलं की मला ती पोरं दिसतात.

म्हणून कामाचं निमित्त करून इकडे आलो. मनकर्णेला सांगितलं नाही. सांगणार होतो. पोळ्याच्या सुमारास एक दिवस ती न कळवता शेडवर आली. मी जेवत होतो, रत्नम्मा पाण्याचा तांब्या ठेवत होती. मनकर्णा दारात उभी राहिली. तिने रत्नम्माला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "हीच का?"

नाही म्हणायला काय लागत होतं? मी मान खाली घालून घास चावत राहिलो. खरं सांगतो, दादा, त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्या डोळ्यांत राग होता, किळस नव्हती. राग मला चालत होता.

ती गेल्यावर रत्नम्माने विचारलं, या कोण होत्या? मी म्हणालो, घरची माणसं. तिला त्यापुढचं काही समजलं नसावं.

आता तुम्हाला सगळं माहीत झालं. मनकर्णेला सांगू नका. विशाखेला तर मुळीच नाही. माझ्याविषयी जे वाटतंय ते वाटू द्या. एअरब्रश पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नाही पाठवलात तरी माझं काही म्हणणं नाही.

तुमचा,
कुंडलिक


सोलापूर,
ता. ८ डिसेंबर १९७४

ती. त्रिंबकदादा यांस,

तुम्ही एअरब्रश घेऊन स्वतः आलात, माझ्या ताटात जेवलात, माझ्या अंथरुणावर झोपलात. त्याबद्दल काय लिहू? जाताना घरी जाऊन मनकर्णेला सगळं सांगितलंत, त्याचाही राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं. पण पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुमची गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. माग चालू होते. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि हे ओरडून बोलायचं नव्हतं. ती दारात उभी राहिली, मी टेबलापाशी. नंतर वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. मग ती बोलली.

"बाई असती तर बरं झालं असतं," म्हणाली.

ती आत आली. माझा हात हातात घेतला आणि करंगळीवर आपलं नख रुतवलं. विचारलं, कळतंय? मी नाही म्हटलं. तिने आणखी जोराने रुतवलं, पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. रक्ताचा थेंब आला तेव्हा तिने सोडला आणि पदर तोंडात धरून खाली बसली. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, रोग कोणाला लागत नाही, घरी राहता येतं. ती ऐकत होती. विश्वास बसला की नाही कोण जाणे. पण तिने माझा हात धरला होता, दादा, ते मी विसरणार नाही.

मग तिने कुर्डुवाडीकरांचं सांगितलं. माझ्याबद्दलची बोलवा त्यांच्यापर्यंत आधीच गेली होती. मुलाचा बाप म्हणाला होता, सासरा कसा का असेना, मुलगी चांगली आहे, तिच्या आईने एकटीने वळण लावलंय. म्हणजे माझ्या बदनामीने काही बिघडलं नव्हतं. उलट मनकर्णेची त्यांना दया आली होती.

"ह्यातलं कळलं तर त्ये उंबऱ्याला पाय लावायचे न्हाईत," ती म्हणाली. "तवा बाईच असू द्या. पोरीचं हुईस्तवर तुमी हितंच ऱ्हावा."

मी म्हणालो, रत्नम्माचं नाव जातंय. तिने काही केलेलं नाही.

मनकर्णेने डोळे पुसले. मग म्हणाली, "मला कळतंय त्ये. पर मला एकच पोरगी हाय."

मी हो म्हटलं. मान हलवली म्हणा. वीज आली, माग सुरू झाले आणि ती निघून गेली.

एअरब्रश उत्तम आहे. तुम्ही निवड अगदी बरोबर केलीत. मुठीत नीट बसतो, वजन तळहातावर येतं. स्क्रू मी एकदा लावून ठेवला की घोडा ठरल्यापुढे जात नाही, मग मला कळो न कळो, रंग सारखाच पडतो. धुराड्याच्या तोंडाशी काजळी, खाली विटांचा तांबूसपणा, उसाच्या पानांवर दोन तऱ्हेचं हिरवं, सगळं मनासारखं झालं. वळलेली दोन बोटं मुठीला आपसूक टेका देतात. हात जराही दुखला नाही.

तोच एअरब्रश घेऊन मी उभा होतो तेव्हाची गोष्ट आहे. बोलवा रत्नम्माच्या दिरापर्यंत गेली होती. तो शेडवर आला आणि सगळ्यांच्या देखत तिला कांड्यांवरून उठवलं. मारलं नाही, पण दंड धरून ओढलं. ती सुटून थेट माझ्या खोलीच्या दारात आली. मागून तो, गुरुबसप्पा, मागावरची माणसं. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही एकदा सांगा की ह्यांना. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

मी गोदामाच्या छपरावर रंग मारत होतो. मान वर केली नाही. मारलेल्या जागेवरच पुन्हा मारत राहिलो. गुरुबसप्पा म्हणाला, अहो, काही बोला. मी वाटीत पुन्हा रंग भरला.

दादा, रत्नम्माला माझ्या दुखण्याचं ठाऊक होतं, अशी माझी खात्री आहे. तिने भाजलेलं बोट पाहिलं होतं. गोळ्यांची पुडी ती रोज जागेवर ठेवायची. बोटं वळायला लागली तेव्हापासून माझी भाकरी ती मोडून, कालवून आणायची, मी न सांगता. तिने तिथे एक शब्द उच्चारला असता तर ती सुटली असती. महारोग्याकडे कोण जातंय, असं म्हणून सगळे पांगले असते. ती माझ्या हाताकडे बघत होती. मग दिराकडे वळली आणि म्हणाली, चला.

तिला तिच्या बहिणीकडे अक्कलकोटच्या पलीकडे कुठल्याशा खेड्यात नेऊन सोडलं, असं गुरुबसप्पा सांगत होता. गावाचं नाव त्याला माहीत नाही, किंवा तो मला सांगत नाही. तो आता माझ्याशी कामापुरतंच बोलतो. खोली मात्र काढून घेतली नाही.

मॉडेल वेळेत गेलं. पाहुण्यांना फार आवडलं. गोदामाच्या छपरावर एका ठिकाणी रंगाचा थर जाड झालाय, तो कोणाच्या लक्षात आला नाही. चेअरमन हात मिळवायला पुढे आले, मी लांबूनच नमस्कार केला. त्यांना मी विनयशील वाटलो.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळू. गोळ्या चालू आहेत. डाव्या हाताला अजून सगळं कळतं.

कुर्डुवाडीकरांनी होकार दिलाय. लग्न माघाच्या पुढे धरतील. मी लग्नात नसेन. बाप बाईच्या नादी लागलाय म्हटलं की तो का आला नाही असं कोणी खोदून विचारत नाही, ते सोयीचं झालंय. विशाखेच्या मागे तुम्ही उभे राहा. तिला अजून काही माहीत नाही. एकदा ती सायकलवरून शेडच्या रस्त्याने गेली, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मनकर्णा म्हणते, लग्न झाल्यावर सांगू. मला वाटतं तेव्हाही आमच्याने सांगवणार नाही.

मुंबईत किंवा लग्नात कोणी विचारलंच, तर बाई आहे म्हणून सांगा. तिचं नाव मात्र घेऊ नका. माझ्याकडून तिच्यासाठी आता एवढंच होण्यासारखं आहे, आणि तेही तुमच्या तोंडून.

पत्राच्या सुरुवातीला जयभीम लिहिला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. तिला तसं जाऊ दिल्यावर तो लिहवेना.

तुमचा धाकटा भाऊ,
कुंडलिक